योगी बेअरच्या गळ्यात टाय कशासाठी?

८ ऑगस्ट २०२४ रोजी कार्टून नेटवर्कची अमेरिकेतली वेबसाइट बंद झाली. पत्ता टाकला की ती थेट मॅक्स या वर्गणी भरून बघायच्या सेवेवर नेऊन सोडू लागली. त्याआधी महिनाभर कार्टून नेटवर्कला श्रद्धांजली वाहणारा हॅशटॅग फिरत होताच. आमच्या शाळेच्या ग्रुपवर एरवी वाढदिवसाच्या शुभेच्छांपलीकडे कोणी काही लिहीत नाही. त्या दिवशी मात्र चाळिशी ओलांडलेली माणसं एकमेकांना विचारत होती, "म्हणजे बंद पडलं का रे सगळं?" चॅनेल तर सुरू होतं, तिकडेही आणि आपल्याकडेही. तरी काहीतरी गेलंय असं सगळ्यांना वाटत होतं, आणि नेमकं काय गेलं ते कोणालाच सांगता येत नव्हतं.

त्याच सुमारास माझा आठ वर्षांचा भाचा राहायला आला होता. त्याला फ्लिन्टस्टोन्स या अश्मयुगातल्या कुटुंबाच्या कार्टूनचा एक जुना भाग लावून दिला. त्यातला फ्रेड घरातल्या घरात पळत सुटला आणि भाचा म्हणाला, "मावशी, याचं घर केवढं लांब आहे! आणि तीच खिडकी परत परत का येतेय?"

हे दोन्ही प्रश्न एकाच हिशेबाशी येऊन थांबतात. एक चित्र काढायला किती हात लागतात, आणि त्या हातांची मजुरी कोण देतं? तो हिशेब कळला की लहानपणीची बहुतेक कार्टून्स नव्याने दिसायला लागतात.

एका सेकंदाला चोवीस

वहीच्या कोपऱ्यात पानोपानी थोडा थोडा सरकलेला चेंडू काढायचा आणि पानं भर्रकन सोडायची, हा उद्योग आपण सगळ्यांनीच शाळेत केलाय. ॲनिमेशन म्हणजे तेच. फिल्म एका सेकंदात चोवीस चित्रं दाखवते. एकच चित्र लागोपाठ दोनदा दाखवलं तरी डोळा फसतो, म्हणून बऱ्याचदा सेकंदाला बारा नवी चित्रं पुरतात.

टॉम अँड जेरीचा एक भाग साधारण सात मिनिटांचा, म्हणजे ४२० सेकंद. बाराच्या हिशेबाने एका पात्राची ५,०४० चित्रं झाली. पात्रं दोन, मध्ये कुत्रा आला की तीन. पाठलाग वेगात असेल तर बाराची चोवीस होतात. यातलं प्रत्येक चित्र आधी पेन्सिलीने कागदावर, मग शाईने सेलवर गिरवलेलं. सेल म्हणजे पारदर्शक प्लॅस्टिकचा पातळ ताव. तो उलटा करून मागच्या बाजूने रंग भरायचा, वाळला की रंगवलेल्या पार्श्वभूमीवर ठेवायचा आणि वरून कॅमेऱ्याने एक फोटो घ्यायचा. मग पुढचा ताव. पार्श्वभूमीचा सोफा एकदाच रंगवायचा, मांजर मात्र दर वेळी नवं.

हे काम विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा या जोडीने एमजीएम या हॉलिवूडच्या स्टुडिओत १९४० पासून केलं. बार्बेरा चित्रं आणि गमती रचायचे, हॅना कोणती गोष्ट किती क्षण टिकायची याचं गणित बसवायचे. त्यांच्या हाताखाली टॉम अँड जेरीचे ११४ भाग झाले आणि ७ ऑस्कर मिळाली. ऑस्करच्या त्या बाहुल्या मात्र निर्माते फ्रेड क्विम्बी यांच्या हाती पडल्या, कारण पुरस्कार निर्मात्याला द्यायची पद्धत होती.

१९५७ चं कुलूप

हे भाग सिनेमागृहात मुख्य चित्रपटाच्या आधी दाखवले जायचे. टीव्ही आला, थिएटरची गर्दी ओसरली आणि एमजीएमच्या हिशेबनिसांच्या ध्यानात आलं की जुनाच भाग पुन्हा लावला तरी जवळजवळ नव्याइतकेच पैसे मिळतात. मग नवे कशाला काढायचे? १९५७ मध्ये कार्टून विभागाला कुलूप लागलं. सात ऑस्करवाली मंडळी रस्त्यावर आली.

हॅना आणि बार्बेरा यांनी त्याच वर्षी स्वतःचा स्टुडिओ काढला आणि टीव्हीचं दार ठोठावलं. पण टीव्हीची थैली लहान होती. एमजीएममध्ये सात मिनिटांच्या एका भागाला सुमारे ३५,००० डॉलर खर्च यायचा. टीव्हीवाले पाच मिनिटांना सुमारे ३,००० डॉलर द्यायला तयार होते, तेही दर आठवड्याला नवा माल हवा या अटीवर. पन्नास पानांच्या पंगतीचं साहित्य देऊन पाचशे पानं उठवायला सांगावं, तशी ही मागणी.

गळ्यातला टाय

त्यांनी जी युक्ती काढली तिला लिमिटेड ॲनिमेशन म्हणतात. आपण काटकसरीचं ॲनिमेशन म्हणू. नियम साधा: जे हलायलाच हवं तेवढंच हलवा.

त्यांचं अस्वल, योगी बेअर, बोलतोय असं समजा. बोलताना फक्त तोंड आणि डोकं हलतं, पोट हलत नाही. मग धड एका सेलवर एकदाच काढायचं आणि तसंच ठेवायचं. डोकं दुसऱ्या सेलवर, आणि बदलायचं ते फक्त डोकं. अडचण एकच, दोन तावांवरची चित्रं जिथे जुळतात तिथे मानेवर सांधा दिसतो. म्हणून मानेला कॉलर आणि टाय. योगीला टाय, त्याचा सोबती बूबू याला बो, हकलबेरी हाउंडला बो, फ्रेड फ्लिन्टस्टोनला कातड्याच्या अंगरख्यावरही टाय, स्कूबी-डूच्या गळ्यात पट्टा. जंगलातल्या अस्वलाला आणि अश्मयुगातल्या माणसाला टाय बांधायची वेळ आली ती हा सांधा झाकण्यासाठी. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी जुने भाग एकेक थांबवून गळे बघत बसले होते. सांधा खरंच तिथेच असतो.

तोंडाचंही तसंच. 'प, ब, म' म्हणताना ओठ मिटतात, 'आ'ला जबडा उघडतो, 'ऊ'ला चंबू होतो. अशा मोजक्या आकारांची तोंडं आधीच काढून ठेवायची आणि संवाद येईल तशी चिकटवायची, बाराखडीतून शब्द जुळवावेत तशी. यातून पुढे एक सोयही झाली. तोंडाचे आकारच थोडे असले की कुठलीही भाषा त्यात बऱ्यापैकी बसते. पुढे यातली कितीतरी पात्रं आपल्याकडे हिंदी बोलू लागली तेव्हा ते फारसं खटकलं नाही, त्यात या काटकसरीचाही वाटा आहे.

चालणं-पळणं म्हणजे ठरावीक चित्रांचं चक्र. तीच चित्रं फिरवत राहायची आणि मागून पार्श्वभूमीची लांब पट्टी सरकवायची. पट्टी संपली की पुन्हा सुरुवातीपासून. भाच्याला दिसलेली खिडकी ती हीच. आणि कोणी पडायचं असेल तर पडद्याबाहेर पडायचं. धडाम आवाज करायचा, कॅमेरा जरा हलवायचा, मग टेंगूळ आलेलं पात्र आत आणायचं. पडण्याची वीस-पंचवीस चित्रं वाचली.

अशा रीतीने सात मिनिटांची चित्रं चौदा हजारांच्या घरातून दोन हजारांच्या घरात आली. डिसेंबर १९५७ मध्ये रफ अँड रेडी, १९५८ मध्ये हकलबेरी हाउंड, १९६० मध्ये संध्याकाळच्या मोक्याच्या वेळेला अर्ध्या तासाचं फ्लिन्टस्टोन्स, १९६९ मध्ये स्कूबी-डू. हकलबेरी हाउंडला टीव्हीसाठीचा एमी पुरस्कार मिळाला, तो ॲनिमेशन मालिकेला मिळालेला पहिलाच.

मग हा हातचलाखीचा, निकृष्ट माल नव्हे का?

असं म्हणणारे तेव्हाही होते, आणि ते साधेसुधे लोक नव्हते. बग्ज बनीचे दिग्दर्शक चक जोन्स या प्रकाराला चित्रं लावलेला रेडिओ म्हणायचे. आपल्या शब्दांत, चित्रं जोडलेली श्रुतिका. डोळे मिटून ऐकलं तरी सगळं कळतं, मग चित्र कशाला, असा त्यांचा आक्षेप.

आक्षेप खरा आहे, पण अर्धा. चित्रांचे पैसे वाचले तेव्हा कामाचा भार आवाजावर आणि लिखाणावर गेला, आणि तिथे विलक्षण माणसं होती. डॉज बटलर या एकाच माणसाने योगी आणि हकलबेरी हाउंड दोघांनाही आवाज दिला, आणि दोघांत एका घशाची खूण सापडत नाही. फ्रेडचा शेजारी बार्नी बोलायचा मेल ब्लँक यांच्या आवाजात, म्हणजे बग्ज बनीच्याच आवाजाच्या मालकाकडून.

थोडं हलवून जास्त सांगायची रीत आपल्याला परकी नाही. कुडाळजवळच्या पिंगुळीचे चित्रकथी कलावंत रामायणातल्या प्रसंगांची चित्रं एकामागून एक समोर धरतात आणि गात, बोलत कथा सांगतात. चित्र जागचं हलत नाही, तरी बघणारा हलतो. आपल्या फिल्म्स डिव्हिजनची १९७४ ची 'एक अनेक और एकता' आठवून बघा. विजया मुळे आणि भीमसेन यांच्या त्या छोट्या फिल्ममध्ये आकृत्या किती साध्या आहेत! आणि ती पाहिलेल्या माणसाला ताईचा आवाज पन्नाशीतही आठवतो.

काटकसर कुठे मारक ठरते हे बघायचं तर १९७५ चं टॉम अँड जेरी बघावं. तेच हॅना, तेच बार्बेरा, तेच मांजर आणि तोच उंदीर, फक्त टीव्हीच्या पैशांत. यात जेरीच्या गळ्यात लाल बो आला, कशासाठी ते आता सांगायला नको. शिवाय मुलांच्या कार्यक्रमांत मारामारी नको, अशी पालकांची चळवळ तोवर अमेरिकेत जोरात होती, म्हणून दोघे चक्क मित्र झाले. टॉम अँड जेरीची गंमत संवादात नव्हतीच. ती होती शेपटी दारात सापडल्यावर ओरडण्याआधीच्या त्या अर्ध्या क्षणात, डोळ्यांतल्या बदलात, म्हणजे नेमकं जिथे भरपूर चित्रं लागतात तिथे. योगीच्या गोष्टी काटकसरीच्या मापानेच शिवलेल्या होत्या. टॉमला दुसऱ्याचा सदरा चढवला. माझ्या मते पैशांपेक्षा हे माप चुकणं जास्त नडलं.

पासष्टच भाग का?

ऐंशीच्या दशकातल्या मालिकांमध्ये एक आकडा सारखा भेटतो: ६५. हि-मॅनचे पहिल्या वर्षी ६५ आणि दुसऱ्या वर्षी ६५, टेलस्पिनचेही ६५. याचं कारण कॅलेंडर. आठवड्याचे पाच दिवस आणि तेरा आठवडे, पाच तेरं पासष्ट. तेरा आठवडे म्हणजे वर्षाचा चौथा हिस्सा. पासष्ट भाग हातात असले की स्थानिक केंद्रं ते सोमवार ते शुक्रवार रोज दाखवू शकतात आणि वर्षातून चार वेळा फिरवू शकतात. आपल्याला मात्र दूरदर्शनवर डकटेल्स आणि टेलस्पिन रविवार सकाळचा खाऊ म्हणून मिळाले, आठवड्यातून एकदा. म्हणूनही त्यांचं अप्रूप जास्त.

हि-मॅन फिल्मेशन नावाच्या स्टुडिओचा. मागे मॅटेल ही खेळणी बनवणारी कंपनी. खेळणं आधी होतं, गोष्ट त्याभोवती रचली गेली. इतके भाग इतक्या वेगाने काढायचे म्हणून फिल्मेशनने हालचालींचा एक साठाच करून ठेवला होता. हि-मॅन पळताना, वळताना, मूठ उगारताना, सगळं एकदा नीट काढून ठेवायचं आणि दर भागात वापरायचं. तो तलवार उंच धरून रूप बदलतो तो प्रसंग दर वेळी हुबेहूब तसाच का असायचा, त्याचं उत्तर हे आहे. आम्ही मुलं त्याच प्रसंगाची वाट बघायचो. आरतीतलं पाठ असलेलं कडवं यावं, तसं.

चित्रं काढत होतं कोण?

श्रेयनामावलीत अमेरिकन नावं आणि मालिका अमेरिकेची, पण सत्तर-ऐंशीच्या दशकांत हजारो चित्रं काढणारे हात दुसरीकडेच होते. गोष्ट आणि आराखडा कॅलिफोर्नियात, चित्रं तैवान, फिलिपाइन्स, दक्षिण कोरिया, जपानमध्ये. हॅना-बार्बेराची बरीचशी कामं तैवानच्या वँग फिल्म प्रॉडक्शन्सकडे जात, आणि मनिलात तर फिल-कार्टून्स हा त्यांचा स्वतःचाच स्टुडिओ होता. डकटेल्सच्या पहिल्या भागांची देखणी चित्रं टोकियोच्या टीएमएस स्टुडिओची.

फिल्मेशनचे लू शायमर मात्र चित्रांचं काम अमेरिकेबाहेर न्यायला तयार नव्हते. हालचालींचा साठा पुन्हा पुन्हा वापरायचा तोही माणसं घरची राहावीत म्हणूनच. १९८९ मध्ये कंपनी सौंदर्यप्रसाधनं बनवणाऱ्या लॉरिआलच्या पुढाकारातल्या एका गटाने विकत घेतली. त्यांना हवी होती जुन्या मालिकांची पेटी. कामगारांना ६० दिवसांची आगाऊ सूचना देणं बंधनकारक करणारा कायदा अमेरिकेत ४ फेब्रुवारी १९८९ ला लागू झाला. फिल्मेशन ३ फेब्रुवारीला बंद करण्यात आला. ही तारीख मी जेव्हा जेव्हा वाचते तेव्हा जीव तुटतो.

जपानचा रस्ता थोडा वेगळा. तिथे चित्रकथाकार ओसामू तेझुका यांनी १९६३ मध्ये ॲस्ट्रो बॉय ही मालिका टीव्हीवर आणताना काटकसर आणखी ताणली, सेकंदाला आठ चित्रांपर्यंत. निप्पॉन ॲनिमेशनचं जंगल बुक याच परंपरेतलं, ५२ भागांचं. ते १९९३ मध्ये दूरदर्शनवर आलं, आणि त्यातल्या शेरखानच्या घशातून बोलले आपले नाना पाटेकर. हलणं कमी आणि आवाज खणखणीत, तर काय होतं याचा याहून चांगला दाखला मला माहीत नाही.

मुंबईचाही एक धागा इथे येऊन मिळतो. फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात १९५६ च्या सुमारास डिस्नेचे क्लेअर वीक्स शिकवायला आले, आणि त्यांच्या हाताखाली राम मोहन तयार झाले. पुढे युनिसेफसाठी मीना ही मालिका निघाली. शाळेत जायला धडपडणारी मुलगी आणि तिचा मिठू पोपट. सुरुवातीचं काम मनिलातल्या त्याच हॅना-बार्बेराच्या स्टुडिओत झालं आणि नंतरचं राम मोहन यांच्या मुंबईच्या स्टुडिओत. योगीसाठी कमावलेली काटकसर दक्षिण आशियातल्या मुलींच्या कामी आली.

बंद झालं ते नेमकं काय?

आता ग्रुपवरच्या प्रश्नाकडे येऊ. नाटकाचं उदाहरण घ्या. नाट्यगृह वेगळं, नाटक बसवणारी मंडळी वेगळी आणि नाटकाच्या संहितेचे हक्क वेगळे. नाट्यगृहाला टाळं लागलं तरी नाटक दुसरीकडे होतं. मंडळी फुटली तरी संहिता राहते. पण हक्क ज्याच्याकडे आहेत त्याने पेटीला कुलूप घातलं की प्रयोगच नाही.

अमेरिकेतले टीव्ही उद्योजक टेड टर्नर यांनी १९८६ मध्ये एमजीएमचा जुना चित्रसाठा मिळवला, त्यात टॉम अँड जेरी होते. १९९१ मध्ये ३२ कोटी डॉलरला हॅना-बार्बेरा घेतला. दोन्ही पेट्या एका हाती आल्यावर त्या दाखवायला नाट्यगृह हवं, म्हणून १ ऑक्टोबर १९९२ ला कार्टून नेटवर्क. आपल्याकडे ते १९९५ मध्ये आलं. चॅनेल निघालं ते जुना साठा होता म्हणून, हा क्रम लक्षात ठेवण्याजोगा आहे. १९९६ मध्ये हे सगळं टाइम वॉर्नरमध्ये गेलं. २००१ मध्ये हॅना वारले आणि त्याच वर्षी त्यांचा स्टुडिओ वॉर्नरच्या ॲनिमेशन विभागात विरघळला. २०२२ मध्ये वॉर्नर आणि डिस्कव्हरी एक झाले. २०२३ मध्ये कार्टून नेटवर्क स्टुडिओची बरबँकची इमारत सोडण्यात आली आणि मंडळींना वॉर्नरच्या दुसऱ्या इमारतीत हलवलं. त्यानंतर वेबसाइट गेली.

म्हणजे नाट्यगृह उभं आहे, मंडळी भाड्याच्या घरातून थोरल्या जावेच्या घरात राहायला गेल्यासारखी आहेत, आणि पेटी एका बड्या कंपनीच्या ताळेबंदातली एक नोंद आहे.

पण यूट्यूबवर सापडतंच की!

तुकडे सापडतात, उलटे केलेले, आवाज बदललेले, कोणीतरी चोरून चढवलेले. योगी किंवा टॉम यांना तूर्त धोका नाही, त्यांच्यावर अजून पैसे मिळतात. धोका नव्यांना आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये त्याच कंपनीने आपल्या एचबीओ मॅक्स सेवेवरून डझनावारी कार्यक्रम काढून टाकले. त्यात इन्फिनिटी ट्रेन ही ओवेन डेनिस यांची सुंदर मालिका होती. ती ठेवली असती तर कलाकारांना थोडं थोडं मानधन द्यावं लागलं असतं, काढल्याने खर्च वाचला. १९५७ मध्ये जुनं असल्यामुळे नवं काढणं थांबलं. आता तर काढून ठेवलेलंही लपवणं परवडतं.

भाच्याला यातलं सगळं सांगितलं नाही. टायची गोष्ट तेवढी सांगितली. त्याने शाळेच्या प्रोजेक्ट फाइलची दोन पारदर्शक कव्हरं कापली, कागदावर अस्वलाचं धड काढलं आणि कव्हरांवर मार्करने दोन डोकी, एक तोंड मिटलेलं, एक उघडं. ती आळीपाळीने ठेवून बराच वेळ अस्वलाला बोलायला लावलं. मग थांबला. "मावशी, इथे रेघ दिसतेय," म्हणाला, आणि लाल स्केचपेन घेऊन अस्वलाला मफलर काढायला बसला.